सातवी खाच

ता. ३ ऑगस्ट

तीर्थस्वरूप ताईस,
तुझ्या रागीट भावाचा शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र पोचलं. कॉलेज अर्ध्यावर सोडून लोहाराचा भाता फुंकतोयस, असं लिहिलंय. त्यांना सांग, इथे भाता नाही. वस्ताद नेमबाजीच्या क्लबांसाठी जुन्या पद्धतीच्या, ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या रायफली बनवतात आणि मी नळीत आतून आटे, म्हणजे पिळाच्या खाचा पाडतो.

तू विचारलंस, आटे कशाला? गुळगुळीत नळीत गोळी आपटत-धडपडत जाते आणि शेवटचा धक्का बसेल तिकडे सुटते. मी कॉलेजात गेलो तशी. आटे असले की तेलकट कापडात गुंडाळलेली गोळी त्यांत पकड घेते आणि गरगरत बाहेर पडते. भोवरा फिरतोय तोवर पडत नाही, तसंच. पीळ मात्र बेताचा हवा, अठ्ठेचाळीस इंचांत एकच वेढा. जास्त दिला तर गोळी आटे सोडून घसरते. हे सांगताना वस्ताद माझ्याकडेच बघतात.

एका नळीत सात खाचा. गजाला दातेरी पातं लावून हाताने ओढायचं, केसाइतका कीस निघतो. सातही झाल्या की पात्याखाली पतंगाच्या कागदाची एक पट्टी सरकवायची, पातं तेवढंच वर येतं, आणि पुन्हा सात. असे दिवसचे दिवस.

सध्या हातात असलेली नळी वस्तादांच्या मुलीच्या रायफलीची आहे. क्लबातली पहिल्या नंबरची नेमबाज ती. काल काम बघून म्हणाली की हात बरा आहे, जिभेलाही जरा असंच वळण लावावं. ताई, त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

बाबांना पैज सांग. वीस तारखेला या नळीची चाचणी आहे; पन्नास पावलांवरून पाचही गोळ्या बशीएवढ्या गोलात बसल्या, तर कॉलेजचं नाव काढायचं नाही. नाही बसल्या तर मुकाट्याने येतो.

लोभ असू दे, उपदेश नको.
तुझा,
धाकटा

ता. ९ ऑगस्ट

चि. तापटरावास,
अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

बाबांनी पेपर खाली न ठेवताच ऐकलं आणि सुंभ जळेल पण याचा पीळ जायचा नाही, एवढंच म्हणाले. मग पान उलटून म्हणाले, मंजूर. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीखही वीसच आहे, ती त्यांना तोंडपाठ आहे. आईने तुझी खोली झाडून ठेवलीय, म्हणजे तिचा अंदाज काय ते समजून घे.

खरं सांगू? त्यांना लोहारकामाचं काही वाटत नाही. आधी गिटार, मग फोटोग्राफी, मग कॉलेज. तू सगळंच अर्ध्यात टाकतोस, याचं वाटतं. आणि तू जेवत नाहीस, हे त्या मुलीला कळलंय का? सांगून मोकळा हो, नाहीतर नुसताच वाळशील.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते वीस तारखेनंतर बघू.
ताई

ता. २१ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग आहे, पण इथूनच.

काल वस्तादांच्या मुलीच्या नळीची चाचणी झाली. पाचही गोळ्या बशीत. टाळ्यासुद्धा पडल्या. पण पैज मी जिंकलेलो नाही.

आठवड्यापूर्वी नळीत शिसं ओतून ठसा काढला होता. सहा उंचवटे सारखे, सातवा पुढे आलेल्या दातासारखा. म्हणजे सातवी खाच जास्त खोल. शेवटच्या फेरीत, सातव्या खाचेच्या आधी पात्याखालची पट्टी फाटली होती आणि मी रागाच्या भरात तुमचं पत्र फाडून त्याची पट्टी घातली होती. तुमचा ऑफिसचा कागद पतंगाच्या कागदाच्या तिप्पट जाड.

कुणाला बोललो नाही. गोळीभोवती जाड कापड घेतलं, खोल खाच त्यानेच बुजली, पण गोळी घट्ट बसू लागली. गोळी ठासायला हातोडी का लागते, असं तिने विचारलं. नवी नळी आहे, असं ठोकून दिलं. संध्याकाळी मात्र राहवलं नाही. तिला खरं सांगितलं, आणि त्याच दमात ती मला आवडते हेही.

ती म्हणाली की स्पर्धेत हातोडी घेऊन उभी राहू काय? दुसऱ्या गोष्टीचं उत्तर खोटं बोलणाऱ्याला मिळत नाही, नळी नीट झाल्यावर ये. वस्तादांच्या शिव्या लिहीत नाही. त्यांनी नळी भंगारात टाकायला सांगितली. मी नाही म्हटलं. बाकीच्या सहा खाचा सातवीइतक्या खोल करता येतात. तीन आठवडे लागतील, आणि तोवर ती जुन्याच रायफलीवर सराव करणार आहे.

म्हणजे मी हरलो. फॉर्मची तारीख माझ्या खोटेपणात गेली. दिलेल्या शब्दाप्रमाणे यायला हवं. येणार नाही. शब्द मोडला म्हणा, नाक कापलं म्हणा, आईला खोली भाड्याने द्यायला सांगा. एक नळी अर्धवट टाकून मी तुमच्यासमोर उभा राहणार नाही. रागवायला यायचंच असेल तर दुपारी या. तेव्हा माझे दोन्ही हात गजावर असतात, पळता यायचं नाही.

लोभ असावा, नसला तरी पत्ता हाच.
आपला,
धाकटा