एकटीचं गाणं

रविवार, ९ सप्टेंबर १९६२, लिमोज, फ्रान्स

आज पुन्हा तेच! चर्च सुटल्यावर नदीकाठी सगळी जोडीजोडीनं. हातात हात. मी पुलावर उभी — जणू कुणाची तरी वाट बघतेय. सतरावं सरत आलं. मला साधं नावानं हाक मारणारं कुणी नाही. असंच राहिलं तर?

घरी येऊन गिटार घेतली. मला तीनच कॉर्ड येतात. त्यांतच सगळं म्हणून टाकलं. कागदावर उतरवलं.

मंगळवार, ११

घात झाला! कागद डब्याच्या पिशवीत राहिला आणि आर्लेतनं वाचला. चिनीमातीच्या कारखान्यात माझ्या शेजारीच बसते ती. कपाच्या काठावर सोनेरी रेघ ओढता ओढता म्हणाली, "ए घुमे, हे तू लिहिलंस? रेडिओच्या स्पर्धेत तुझं नाव देते की नाही बघ!"

माझ्या रेघा वाकड्या गेल्या. तीन कप वाया गेले. आर्लेतला काय! तिचा मित्र रोजे दररोज फटफटी घेऊन फाटकाशी हजर.

शुक्रवार, १४

खरंच नाव देऊन आली सटवी! येत्या बावीसला, शनिवारी दुपारी, नगरभवनात गायचं. घरोघरी रेडिओवर ऐकू जाणार. म्हणजे गावभर कळणार — गिस्लेनला कुणी नाही.

सोमवार, १७

सूप तसंच निवलं. आईनं रोखून पाहिलं. "एखाद्या पोराची भानगड नाही ना गं?"

हसू की रडू! बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. गाण्याचं सांगितलं नाही. आई म्हणेल, घरची अब्रू वेशीवर टांगलीस.

शुक्रवार, २१

नाव काढून घ्यायला गेले होते. नगरभवनाच्या दारापर्यंत गेले, परत फिरले. गायचीही भीती. न गायचीही.

शनिवार, २२

गायले.

दुसऱ्या कडव्याला आवाजच फुटेना. समोर शे-दोनशे माणसं, कुणी खोकतही नव्हतं. मग डोळे मिटले आणि पुढचं म्हटलं. कसं, ते आठवत नाही. टाळ्या उशिरा आल्या. बक्षीस अकॉर्डियन वाजवणाऱ्या एका जाड्या गृहस्थांना.

बाहेर आर्लेत भिंतीकडे तोंड करून उभी. म्हटलं, "फार वाईट झालं का गं?" ती रोजेच्या फटफटीवर न बसता माझ्याबरोबर चालत आली.

घरी तर आणखी भीती. आईचा दरवाजा बंद. "डोकं दुखतंय," एवढंच.

रविवार, २३

सकाळी आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मान खाली. म्हणाली, "ऐकलं मी काल रेडिओवर." मी दार घट्ट धरलं.

"मला बघून लिहिलंस का गं ते?"

"नाही गं आई. माझंच आहे."

तिनं सोललेलाच बटाटा पुन्हा सोलायला घेतला.

"तुझे बाबा शेजारीच पेपर धरून बसले होते," ती म्हणाली. "वीस वर्षं बसताहेत."