कलमाची बाजू

प्रिय सायो,

पाइनची जुनी पानं उपटायचे दिवस आले. बोन्साय झाडं चारशे, चिमटे दोन. एरवी तुझी आई माझ्या वेगाची तुलना गोगलगायीशी करते आणि मग गोगलगायीची माफी मागते. पण रविवारपासून ती माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे काम सुनंसुनं चाललं आहे. आजोबांच्या पाइनवर काल अख्खा दिवस गेला. मुळं एका जातीची, वरचं अंग दुसरीचं. प्रदर्शनात आपण कलमाची बाजू मागे फिरवतो आणि लोक म्हणतात, काय अस्सल झाड!

आपलं सगळं असंच. कुंडीतलं झाड चीनचं, अक्षरं चीनची, आणि आपला करीभात हिंदुस्थानातला माणूस ओळखणारही नाही. माझ्या संस्कृतातली सरस्वती इथे जपानात येऊन बेंतेन देवी झाली आणि जोडीनं दर्शनाला येणाऱ्यांची ताटातूट करू लागली. मूळ स्तोत्रांत तिला ही खोड असल्याचं मला कुठं सापडलेलं नाही. तू आणि योहेई तिच्या तळ्यात नाव वल्हवून आलात, म्हणूनच सगळं फिस्कटलं, असं तू आईला म्हणालीस. बिचारी देवी निर्दोष आहे, सायो.

मीही इथे बाहेरून आणलेलाच. संस्कृत शिकवणारा, ओगुशी घराण्यातला. बागेला मुलगा नव्हता, म्हणून आजोबांनी लग्नातच जावयाला दत्तक घेतलं आणि एका शिक्क्यानिशी मी ओगुशीचा इवादाते झालो. माझे वडील अंगणातूनच म्हणाले, "आता पाहुणा म्हणून येत जा." मी गेलो, पाहुण्यासारखा चहा घेतला. आज त्यांच्या थडग्यावर पाणी घालायला त्या नावाचं कुणी उरलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी योहेईला मी हीच अट घातली. तुझ्यादेखत तो म्हणाला, "काका, जन्मभर झाडांना पाणी घालीन, पण कुराशिगे नाव नाही सोडणार. वडिलांना मी एकटाच आहे." वाकून नमस्कार केला आणि गेला. त्याला तुझ्यापेक्षा नाव प्यारं, असं धरून तू साप्पोरो गाठलंस.

तू जाण्याआधी, त्या भेटीनंतर चौथ्या दिवशी, तो परत आला होता. तू आईबरोबर बाजारात होतीस. दत्तकाचा कागद त्यानं शिक्का मारूनच आणला होता. मला त्याच्या पाठीमागे माझे वडील अंगणात उभे दिसले. वाटलं, निदान एका बापाचा मुलगा तरी वाचवावा. मी म्हणालो, "सायोचं मन बदललंय. घरी जा." मानी मुलगा, त्यानं तुला विचारलंही नाही. त्या घडीला मला त्याच्या बापाची दया आली. तुझी आठवण झाली नाही.

गेल्या रविवारी योहेईचं लग्न झालं. पत्रिका हातात घेऊन मी आईला सगळं सांगितलं, आणि सायोला कळवतो म्हणालो. ती म्हणाली, "आता कशाला? एकदा रडून झालंय पोरीचं." मग चिमटा ठेवून आत गेली. तिचंच बरोबर असेल. पण सहा वर्षं तू स्वतःला नको असलेली समजत आलीस, आणि ते खोटं आहे हे जाणणारा मी एकटाच होतो. तो तुला सोडून गेला नव्हता, सायो. मी त्याला घालवलं.

म्हणायचा हक्क उरला असेल, तर तुझाच,
बाबा