बांधावरची माती

प्रिय धाकट्या,

तू गेल्यावर घर फार शांत झालं. भेटायला येणाऱ्यांचा ओघही आटला. येतात ते म्हणतात, पोरानं बापाचं नाव काढलं, नव्या कालव्याच्या सगळ्या पट्ट्यातल्या जमिनी तपासायला त्यालाच नेमलं. मी मान हलवते.

माती कशी घ्यायची, हे तूच मला शिकवलं होतंस, कॉलेजातून सुट्टीला आलास तेव्हा. बांधावरची नको, तिथे पाणी चढत नाही, ती नेहमी चांगलीच निघते; झाडाखालची नको, उकिरड्याजवळची तर नकोच. शेताच्या आतून ठिकठिकाणची घ्यायची आणि एकत्र करायची. बाबा शेताकडे बघत हसून म्हणाले होते, "डॉक्टर, आमच्या म्हातारीला औषध कमी आणि विश्रांती जास्त लिहून द्या."

यंदा खालच्या शेतावर मिठाची पांढरी साय धरली, तेव्हा त्यांना ते पडीकच ठेवायचं होतं. पाणी पाजून पाजून आपण जमीन मारतोय, असं ते म्हणत. मग तुझा अहवाल आला, जमीन सुदृढ, वर्षाला दोन पिकं सोसेल. "माझ्या डोळ्यांपेक्षा पोराची तपासणी खरी," म्हणाले आणि पेरलं. निम्म्याहून अधिक उगवलंच नाही. उगवलं ते पिवळं पडलं. तुला त्यांनी बोल लावला नाही. "माझाच हात बिघडला," म्हणत राहिले. आजारपणात पडल्यापडल्या हात उलटसुलट करून बघायचे. तसेच गेले.

तू निघालास त्या सकाळी मोरीपाशी मी तुला त्या अहवालाचं विचारलं. तू हात धुता धुता म्हणालास, "अगं ताई, सगळीकडची माती बांधावरचीच घेतली. पट्टा नापास करू नका, असं वरून सांगितलं होतं." आणि टॉवेल मागितलास. मी दिला.

मी भांडणारी नाही, तुला माहीत आहे. पण बाबा अंथरुणावर असताना तू दोनदा येऊन गेलास. उशाशी बसलास. तुमचा हात चांगला आहे, एवढं एक वाक्य तुझ्या तोंडून निघालं नाही.

सोमवारी कालव्याची सुनावणी आहे. तुझा अहवाल मंजूर झाला, की कालव्याचं पाणी सगळ्यांच्याच शेतात फिरणार आणि ती पांढरी साय सगळीकडे धरणार. आपल्या आणि शेजाऱ्यांच्या शेतांमधली माती मी पिशव्यांत भरून आणणार आहे, आणि तू मोरीपाशी जे बोललास ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुला ते तिथे अचानक कळू नये, म्हणून हे पत्र. मी मागच्या रांगेत असेन. माझ्याआधी तू सांगायला उठलास, तर मी बसूनच राहीन.

तुझीच,
ताई