लाल रेषेच्या बाहेर

४ जून
आले एकदाची कारांगजातीला, गावाचा धोक्याचा नकाशा करायला. ज्वालामुखीवर नजर ठेवायची चौकी टीचभर, पण खिडकीतून अख्खा डोंगर दिसतो. इथले निरीक्षक पाक तुगिमान मोठे गमतीदार; मी त्यांना मानाने 'पाक' म्हणते, ते मला 'बु'. म्हणाले, बु निंगरुम, डोंगर आता तुमचा, लसणाचं रान बायकोचं, मी आपला दोघींचा गडी. त्यांच्या बायकोने तळलेलं सोयाबीनचं तेम्पे पाठवलं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

७ जून
सभामंडपात गावाचा नकाशा जमिनीवर पसरला. आमची नेहमीची रीत: प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरावर मक्याचा दाणा ठेवायचा, मग मी धोक्याची लाल रेषा आखायची. डोंगर खवळला की आतल्यांनी पळायचं, बाहेरच्यांनी घरात थांबायचं. एकशे बारा घरं, एकशे बारा दाणे. तुगिमान बायकोला म्हणाले, तुझ्या आईला रेषेच्या आत बसव, तेवढीच जागची हलेल. सगळे हसले. मीही.

९ जून
दाणे वाढलेत. नदीच्या वळणावर, जिथे एकही घर नाही, तिथे त्र्याऐंशी. करपलेले आणि हाताला गरम.

हा आकडा मला कुणी समजवायला नको. माझं मागचं काम वारुदोयोंगला; तिथेही नदी अशीच वळते, पण जळती राख वळत नाही, काठ ओलांडून सरळ गावात शिरते. मला ठाऊक होतं. गाव लाल झालं तर शाळा बंद पडेल म्हणून तिथल्या गावप्रमुखांनी हात जोडले आणि मी रेषा अलीकडून नेली, गाव बाहेर ठेवलं. माणसं माझ्या नकाशावर विसंबून घरात बसली. त्र्याऐंशी माणसं गेली. अहवालात लिहिलं, गणित चुकलं. गणित बरोबर होतं.

१२ जून
इथले गावप्रमुख आले. नवा बाजार व्हायचाय, रेष बोटभर सरकवा, डोंगराला काय कळतंय, म्हणाले. मला नाही म्हणायचं होतं. मी बघू म्हणाले. संध्याकाळी सरकवली, सहीसुद्धा केली. स्वतःची किळस येते.

१५ जून
छापील नकाशे गावभर लागले. दुपारी मंडपात रांग. अनोळखी माणसं, पोटरीपर्यंत राख. पुढची म्हातारी अदबीने विचारते, बाई, आमचं घर आत का बाहेर? मी 'आत' म्हणते. तोंडातून 'बाहेर' येतं. ती मान डोलावते आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहते.

१६ जून
डोंगर गुरगुरतोय. नकाशे फाडले — भिंतीवर तसेच. दारोदार सांगत फिरले, निघा, निघा — त्यांना ऐकू आलं, थांबा. चहा देत होते मला. बाई, तुम्ही आहात म्हणून घोर नाही, म्हणत होते.

साडेअकरा
रांग आता चौकीत. रांगेत तुगिमान. बायको, सासू. आत्ता खिडकीतून दिसतायत, रानात लसूण काढतायत, जिवंत — आणि इथेही. पायांवर राख. चेष्टा नाही, काही नाही. बु, आमचं घर?

जीभ माझी राहिली नाही. हात तरी असेल. लिहून दाखवते, मग पळतील —

पाक तुगिमान, तुमचं घर बा—