बायबलात न बसलेला महिना

प्रिय बाबा,

वारंगा फाट्यावर लॉरीच्या भट्टीत कोळसा घालत होतो, तेव्हा चहावाला कुणाला तरी म्हणाला की धोंड्याचा महिना लागला. (लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही, आता लॉऱ्या कोळशाच्या धुरावर चालतात. तुम्ही पाहिल्या नाहीत. चढ आला की सगळी माणसं खाली उतरून ढकलतात, एकदा तर एका नवरदेवानंही ढकलली. पण ते असू द्या.)

तर मी सुट्टी मागून सेनगावला घरी आलो. काहून आलो, ते नीट सांगता येत नाही. माझी बरीच कामं अशीच होतात. दारात पोचलो आणि पाहतो काय? आपल्या ओट्यावर किसनमामा! आईचा सख्खा भाऊ. तुम्ही बाप्तिस्मा घेतल्यापासून ज्यानं बहिणीला एकदाही माहेरी बोलावलं नाही, तो. शेजारी तांब्या होता, रिकामा. आपल्या बाटलेल्या घरचं पाणी कोण प्यालं, मी विचारलं नाही.

हे तुम्हाला कळवायला नको का? म्हणून लिहितो आहे.

बाबा, मुळात चूक तुमची. वर्षभरात आख्खं बायबल वाचायचं ठरवलंत, चांगलं केलंत. पण पाडव्यापासून? बाकीचे सगळे जानेवारीत सुरू करतात. तुम्ही म्हणालात, "आपलं वर्ष पाडव्याला लागतं, देवाला दोन्ही बराबर." बारा महिन्यांचे बारा वाटे केले, पानापानांत कडुनिंबाच्या काड्या घातल्या आणि पंचांग पाहायचं विसरलात! त्या साली श्रावण दोनदा आला. आणि तुम्ही मास्तर!

रोज सकाळी आई भाकरी थापायची, तुम्ही चुलीजवळ बसून वाचायचात. वाचून झालं की ती म्हणायची, "आजचं?" मग तुम्ही त्या दिवसाचं एक वाक्य सांगायचं. जास्त नाही, एकच. नावांच्या याद्या आल्या की मी पळायला बघायचो. तुम्ही धरून बसवायचात. अशाच एका दिवशीचं वाक्य होतं, "हीबी कुणाची तरी लेकरंच होती."

लेवीयाचे नियम चालले होते तेव्हा आईनं विचारलं होतं, "अवो, एवढे नियम पाळायचे होते, तर आमच्या गावचे काहून सोडले?" तुम्ही हसत राहिलात. त्या दिवशीचं वाक्य राहूनच गेलं ना?

पण सगळ्यात आधी, चैत्रातच, याकोब आणि एसाव आले होते. दोघे भाऊ, पुष्कळ वर्षांचं वैर. धाकटा भीत भीत भेटायला निघतो, पुढं शेळ्यामेंढ्यांची भेट पाठवतो, आणि थोरला पळत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. तव्यावरची भाकरी करपली. आई म्हणाली, "काही बोलला न्हाई? नुसता पळत आला?"

"नुसता पळत आला," तुम्ही म्हणालात.

नंतर तो जास्तीचा श्रावण आला आणि तुमच्या काड्यांत त्याला जागाच नव्हती. तुम्ही आईला म्हणालात, "ह्यो महिना आपल्या वाट्यात न्हाई. तूच सांग काय वाचू."

"ते दोघा भावांचं."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच! तुमची काय पंचाईत! अध्याय एकच आणि वाक्य रोज नवं. याकोबाच्या लंगड्या पायावर बोललात, शेळ्यांवर बोललात. एकदा तर एसावाच्या केसाळ हातांवर बोललात, ते मला अजून पटलेलं नाही. शेवटी एका सकाळी आईनं "आजचं?" विचारलं आणि तुम्ही पुस्तक मिटून पटका बांधायला लागलात.

"अवो, कुठं?"

"साखऱ्याला. धोंड्याचा महिना हाय, जावयानं सासुरवाडीला जावं."

"बोलावलंय कुणी?"

"न्हाई."

आणि सोबत काय घेतलंत? आपली एकुलती एक शेळी! मामाच्या दारात शेरडांचा कळप, आणि तुम्ही एक शेळी ओढत चिखलातून निघालात. वाट मोठी होती. मध्ये एका माळावर लोक घोड्याला नाल ठोकत होते, मी तिथं थांबलो, आणि तुम्ही नि आई पुढं गेलेलं मला कळलंही नाही. धावत गाठलं तेव्हा शेळी बसली होती आणि तुम्ही तिला समजावत होतात.

मामा ओसरीवर अंबाडीचा दोर वळत होता. पाहिलं, पण हात थांबले नाहीत.

"दाजी, माझ्याकडं शेरडं कमी हाय का?"

"न्हाई. माझ्याकडं दुसरं द्यायला न्हाई."

मामानं दोराला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाला, "बांधा तिथं." झालं! जेवा म्हटलं नाही, बहिणीकडं पाहिलं नाही. तुम्ही शेळी बांधली आणि आपण परत फिरलो. गाव मागं पडल्यावर आईनं विचारलं, "आजचं?"

तुम्ही म्हणालात, "एसाव पळत आला. तुझा भाऊ बसून राहिला. पण उठून आत गेला न्हाई."

तिला ते वाक्य पुरलं. मला नाही पुरलं, बाबा. तुम्ही तापानं गेलात, तुम्हाला मातीत ठेवलं, तेव्हाही मामा रस्त्याच्या पलीकडं उभा होता, पटका हातात धरून. अलीकडं आला नाही. तेवढा रस्ता ओलांडायला काय लागतं?

आता ऐका. परवा ओट्यावर तो आईला म्हणाला, "गोदे, धोंड्याला चल. जावई न्हाई तर भाचा हाय."

"माझं आता धोंड्याला काय काम?"

"काम न्हाई. जेवाया बोलवून राहिलो."

आई चुलीकडं बघत म्हणाली, "ह्या महिन्यात मला ते दोघा भावांचं ऐकायचं असतंय. रोज. तुझ्या घरी चालंल?"

मामानं काडीनं दात कोरले. "वाच की. मी कुठं ऐकून राहिलो?"

"मला कुठं वाचता येतं?"

मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

लॉरीचा मालक माझी वाट पाहत असेल, कदाचित नसेलही. बाबा, वर्षभराचं वचन मी देत नाही. पाडव्याला मी कुठं असेन ते मलाच ठाऊक नाही. पण हा महिना साखऱ्याला राहीन आणि आईला रोज तोच अध्याय वाचून दाखवीन. तुमच्यासारखं वाक्य मला जमायचं नाही. मामा शेरडांकडं निघून गेला तर हाक मारणार नाही. आवाज मात्र जरा मोठा ठेवीन.

तुमचा,
दाना