निर्भय मांस

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
थोरल्या बंधूचे, हृदयाचा एक झटका वजा जाता, अखंड आशीर्वाद.

हृदयवैद्यांनी मांसाहाराची अनुज्ञा दिली. अट इतकीच की ते अल्प असावे आणि उत्तम असावे. ‘अल्प’ हे खाते तुझ्या वहिनीने तत्काळ बळकावले. ‘उत्तम’ मी तुजकडे सोपवतो. तुझ्या कळपातील आईवेगळे कोकरू मी मनोमन वाग्दत्त केले आहे. त्यास बाटलीने दूध पाजावे, मोकळ्या कुरणात चारावे, काठी कदापि उगारू नये. मेहुणे त्यास खच्ची करू म्हणतात, ते तर साक्षात क्रौर्य. भयभीत पशूचे मांस राठ होते, असे वाचनात आले; सबब अंतकाळीही त्यास भय ठाऊक नसावे. नाव ‘जहागीरदार’ ठेवावे.

पथ्याने कृश, लोभाने पुष्ट,
दादा

१४ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. आणि जहागीरदाराची एक धडक.

तुझं कोकरू आता दारात मावत नाही. मेंढ्यांत राहतच नाही. आपणही माणूसच, अशी त्याची समजूत. कळपातला मेंढा माणूस दिसला की बाजूला होतो. हा चार पावलं मागे सरतो, डोकं खाली घालतो आणि येतो. परवा कुत्र्याला भिंतीवर चिरडलं. कुत्रं उठलं नाही. हे म्हणतात, ज्याला माणसाची भीती नाही तो माणसाला बरोबरीचा समजून झुंजणारच. आता काठी तरी घेऊ दे, नाहीतर कापून मोकळे होऊ. तुझं हृदय मध्ये आहे म्हणून विचारते. वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटी

२१ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद, दिवंगत श्वानास सद्गती.

जहागीरदाराची अंगकाठी अद्याप भरावयाची आहे. नववर्षापर्यंत धीर धरावा. काठी सर्वथा वर्ज्य. वर्षभराची तपश्चर्या एका रट्ट्याने नासेल. मेहुण्यांस सांगावे की सहा फुटी पुरुषोत्तमाने मेंढ्यास भ्यावे, हे आमच्या घराण्याच्या जावयास अशोभनीय आहे. हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे.

तुम्हा उभयतांच्या लोभाचा भुकेला,
दादा

९ नोव्हेंबर

ती. दादास,
नमस्कार.

वाक्य वाचून दाखवलं होतं. हे हसले, आणि त्या दिवसापासून काठी न घेता जाऊ लागले.

मंगळवारी हे पाण्याच्या दगडी डोणीवर वाकले होते. जहागीरदाराने मागून धडक दिली. बरगड्या मोडल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. पडल्यावर पुन्हा दिली, आणि पुन्हा. मी फावडं त्याच्या डोक्यात घातलं, दांडा मोडला. तो मागे सरकला, तो फक्त धाव घ्यायला. यांच्या तोंडातून रक्त येत होतं. काखेत हात घालून ओढत बैलगाडीखाली नेलं.

तीन बरगड्या, एकीने फुप्फुस भोसकलं. डॉक्टर म्हणतात जगतील. कळपामागे धावणं संपलं.

दवाखान्याची गाडी यांना घेऊन गेली, तसा तो माझ्याजवळ आला, कपाळावर यांचं रक्त घेऊन, आणि माझा हात हुंगू लागला. मी सुरी आणली. एका हाताने हनुवटी धरली. बाटलीसाठी उचलायचा तशीच त्याने मान वर केली. चिरली तेव्हाही तो माझ्याकडेच बघत होता.

तुझी अट पुरी झाली. मांस बर्फात घालून पाठवलं आहे. टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे.

आणखी एक पोरकं कोकरू झालंय. ते कळपातच वाढेल. त्याचं नाव तू ठेवायचं नाहीस.

धाकटी

१२ नोव्हेंबर

धाकटीस,

मांस पोचले. तुझी वहिनी म्हणाली, पुरून टाकू. मी नाही म्हणालो. शिजवले, आणि वैद्यांनी सांगितले तेवढेच खाल्ले. फार मऊ होते.

उद्या पहाटे निघतो. मला मेंढरांतले काही कळत नाही. मेहुणे खाटेवरून शिव्या देत शिकवतील; श्वास पुरेल तेवढ्या त्यांनी द्याव्यात.

लोभ मागायला तोंड नाही. दार तेवढे उघड. काठी मी घेऊन येतो.

दादा