पडवीतले दोन आजारी मासे

२६ ऑगस्ट
ठिपके! पांढरे, मिठाच्या कणांएवढे — क्लाउन माशांच्या जोडीतल्या दोघांच्याही अंगावर! दर्शनने त्याच्या दुकानातून देतानाच बजावलं होतं, काका, महिनाभर वेगळे ठेवा. एकोणतीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली, आता हा कालचा पोरगा मला शिकवणार! पण ऐकलं, पडवीत वेगळी टाकी मांडली. म्हणून हॉलमधल्या मोठ्या टाकीतले सात जण वाचले.

२७ ऑगस्ट
दर्शनचा उपाय — औषध नाही, पाण्यातलं मीठ कमी करायचं. समुद्राच्या पाण्याला हायड्रोमीटरचा काटा पंचवीसवर जातो. तो विहिरीचं पाणी घालघालून दोन दिवसांत नऊवर आणायचा. माशांना ते सोसतं, त्यांच्या अंगावर ठिपके उठवणाऱ्या किड्याला नाही. अट एकच — शेवटचा ठिपका गेल्यावर तीस दिवस काटा नऊवरच हवा. जरा चढला की किडा वाचला, आणि मोजणी पुन्हा एकपासून.

२९ ऑगस्ट
मुंबईहून कंपनीच्या रितेशचा फोन. एका बोटीवर माणूस हवाय, नऊ महिने. गेल्या दिवाळीत ‘आता पुरे’ म्हणून घरी बसलो खरा, पण हात शिवशिवतात, खोटं कशाला लिहू! म्हटलं, मासे बरे करून मोठ्या टाकीत सोडतो आणि निघतो.
सावित्रीला सांगितलं. ‘जा की,’ म्हणाली आणि भेंडी चिरत राहिली. एवढ्या सहज! मी उगाच दोन दिवस भाषण जुळवत होतो — फोन येणार याची कुणकुण आधीच लागली होती.

३० ऑगस्ट
बोटीसारखा वॉच लावला. सकाळचा माझा, संध्याकाळचा सावित्रीचा. काटा वाचायला एकदाच दाखवला, लगेच जमला तिला. वहीत आकडेही माझ्यापेक्षा सुबक काढते. चांगली खलाशी झाली असती.

७ सप्टेंबर
ठिपके साफ! दिवस पहिला.

९ सप्टेंबर
सकाळी काटा अकरावर. काल संध्याकाळी सावित्रीने नऊ लिहिलंय. पाण्याची वाफ होऊन मीठ वाढलं म्हणावं, तर बाहेर धो धो पाऊस, कपडे तीन दिवस वाळत नाहीत. टाकीतलं थोडं पाणी काढून विहिरीचं घातलं. पुन्हा दिवस पहिला.

१४ सप्टेंबर
गणपती आले. आरती, मोदक, दिवसभर माणसं. मधेच पडवीत डोकावलो — मादीच्या अंगावर सहा ठिपके.

१९ सप्टेंबर
काटा पुन्हा पुन्हा अकरावर, म्हणून नवा हायड्रोमीटर आणला. जुना अकरा, नवाही अकरा! दर्शनवर भडकलो, तसा बिचारा भरपावसात घरी आला, टाकी पाहिली आणि म्हणाला, काका, मीठ आपोआप वाढत नाही. मग काय, भूत घालतं? सावित्रीने त्याला चहा दिला, वर दोन करंज्या दिल्या.

२१ सप्टेंबर
नराने खाणं सोडलं. कोळंबी बारीक चुरून दिली, तोंड फिरवलं. कोपऱ्यात नुसता कल्ले हलवत असतो. मला वाईट वाटतंय, चांगलंच वाईट. रितेश म्हणतो, फार तर महिनाभर थांबतो, मग दुसरा माणूस.

२३ सप्टेंबर
सापडलं भूत! पडवीत चपलांच्या फळीमागे पाण्याची बाटली. जीभ लावली — खारट! सावित्री रोज सकाळी गुडघ्यांसाठी म्हणून मिऱ्याच्या किनाऱ्यावर फिरायला जाते, तिथून भरून आणते. संध्याकाळी काटा वाचायचा, नऊ लिहायचं, मग बाटली ओतायची.
मला हसूच आलं. समुद्राचा जीव गोड्या पाण्यात ठेवलाय म्हणून हिला दया आली असणार! अर्धा तास बसून समजावलं, किड्याचं चित्रसुद्धा काढलं. सगळं ऐकून घेतलं तिने. एक प्रश्न विचारला नाही.

२४ सप्टेंबर
सकाळी पुन्हा अकरा. एवढं समजावूनही!

२५ सप्टेंबर
जेवणं झाल्यावर विचारलं, का करतेस हे? पदराने हात पुसत बसली.
“मला पहिल्याच दिशी समजला होता सगळा,” म्हणाली. “मासे बरे झाले की तुम्ही जाणार. मरावेत असा कधी मनात नव्हता हो. फक्त बरे होऊ नयेत, एवढाच.”
मग रडली. एकोणतीस वर्षं दर वेळी मला बंदरावर पोचवायला आली, तिथे कधी रडली नव्हती. निदान माझ्यासमोर नाही.
रितेशला कळवलं, दुसरा माणूस बघ.